बिशामोनतेनचं नेत्सुके हातात घेताना

मी घड्याळं दुरुस्त करतो, त्यामुळे दहापट भिंग खिशातच असतं. पण नेत्सुके, म्हणजे कमरपट्ट्याला लावायची छोटी जपानी कोरीव मूर्ती, तपासताना ते नंतर काढा. आधी मूर्ती पालथी करा.

किमोनोला खिसे नसत. एदो काळात (1603-1868) पुरुष औषधाची डबी, तंबाखूची पिशवी दोरीनं कमरपट्ट्याला अडकवत. दोरी निसटू नये म्हणून वर हे बोटभर उंचीचं कोरीवकाम. म्हणून पाठीला किंवा बुडाला दोरीची दोन भोकं शोधा. अनेकदा एक मोठं असतं, गाठ आत लपवायला. भोकांच्या कडा आणि कपड्याला घासणारी बाजू गुळगुळीत झालेली हवी. सगळीकडे सारखाच पिवळेपणा दिसला की मला चहात बुडवून मुद्दाम जुनी केलेली वस्तू आठवते!

आता भिंग. साच्याची शिवण किंवा हवेचे बुडबुडे दिसले तर तो साच्यात ओतलेला राळेचा नकली माल. पारखायला तापलेली सुई मात्र टोचू नका, खरी वस्तूही डागाळते.

हा देव बिशामोनतेनच का, हे ओळखायचं तर चिलखत, एका हातात भाला, दुसऱ्यात छोटा स्तूप बघा. हा आपलाच वैश्रवण, म्हणजे कुबेर. जपानात जाऊन योद्धा झालेला. भाला अंगालगत कोरलेला असावा, सुटा भाला कपड्यात अडकून मोडला असता.

हस्तिदंती असेल तर भारतात व्यवहार बेकायदा. लाकडीच बघा.