एनएफएस माउंटचे पर्याय तपासताना

लिनक्सवरची एनएफएस जोडणी, म्हणजे दुसऱ्या यंत्रावरचा फोल्डर नेटवर्कवरून आपल्या यंत्राला जोडणे (माउंट करणे), बिनसली की बहुतेक जण थेट /इटीसी/एफस्टॅब ही जोडण्यांची यादी असलेली फाइल उघडून पर्याय बदलू लागतात. हे टाळावे, कारण त्या फाइलीत आपण काय मागितले एवढेच असते. सर्व्हरशी बोलणी होऊन पदरात काय पडले, ते तेथे दिसत नाही.

म्हणून आधी क्लायंटवर, म्हणजे फोल्डर जोडून घेणाऱ्या यंत्रावर, 'एनएफएसस्टॅट -एम' ही आज्ञा चालवावी; ती प्रत्यक्षात लागू असलेले पर्याय दाखवते. आरसाइझ (एका वेळी वाचायच्या माहितीचा आकार, बाइटमध्ये) १०४८५७६ मागितला असूनही २६२१४४ दिसत असेल, तर सर्व्हरने तेवढीच मर्यादा ठेवलेली असू शकते आणि एफस्टॅबमधला आकडा वाढवून काहीही साधणार नाही. एनएफएसची आवृत्ती नेमून दिली नसेल, तर व्हर्स या पर्यायापुढे अपेक्षेपेक्षा जुनी आवृत्ती आली आहे का, तेही पाहावे.

माउंटच होत नसेल, तर माउंट आज्ञेला '-व्ही' जोडून संदेश नीट वाचावा. 'बॅड ऑप्शन' असा संदेश आला तरी पर्यायाचे स्पेलिंग शोधण्याआधी डेबियनवर एनएफएस-कॉमन किंवा रेड हॅटवर एनएफएस-यूटिल्स हे पॅकेज बसवलेले आहे का, हे पाहावे. 'ॲक्सेस डिनाइड बाय सर्व्हर' आल्यास सर्व्हरची एक्स्पोर्ट्स फाइल, म्हणजे कोणता फोल्डर कोणत्या यंत्राला (यजमानाला) खुला आहे याची यादी, तपासावी. यजमानाचे नाव आणि कंस यांच्यामध्ये चुकून मोकळी जागा सुटली, तर कंसातले पर्याय त्या यजमानाऐवजी साऱ्या जगाला लागू होतात. ही चूक सहज नजरेतून सुटते आणि धोकादायकही आहे. दुरुस्तीनंतर बदल लागू करण्यासाठी सर्व्हरवर 'एक्स्पोर्टएफएस -आरए' चालवावे. उत्तरच येत नसेल, तर फायरवॉलमध्ये २०४९ हा पोर्ट मोकळा आहे का, ते बघावे. एनएफएसच्या तिसऱ्या आवृत्तीला १११ आणि माउंटडीचा (माउंटच्या विनंत्या हाताळणाऱ्या सेवेचा) पोर्टही लागतो.

माउंट होते, पण प्रोग्राम मध्येच थिजतात, ही तक्रार अधिक नाजूक आहे. हार्ड हा मूळ पर्याय सर्व्हर परत येईपर्यंत वाट पाहत राहतो, तर सॉफ्ट ठरावीक प्रयत्नांनंतर प्रोग्रामला चूक कळवून मोकळा होतो. थिजणे टाळण्यासाठी मी एकदा सॉफ्टसोबत टाइमओ=५ (टाइमओ म्हणजे उत्तराची वाट पाहण्याची मुदत) लिहिले आणि पाच सेकंदांची मुदत दिली असे समजलो. टाइमओचे एकक सेकंदाचा दहावा भाग असल्याने ती मुदत प्रत्यक्षात अर्ध्या सेकंदाची होती. नेटवर्क जरा मंदावताच मोठ्या फाइलीची नक्कल अर्धवट तुटली. टीसीपीवर मूळ मूल्य ६००, म्हणजे ६० सेकंद असते. जेथे लिहिण्याचे काम चालते, तेथे हार्डच ठेवावे, असे माझे ठाम मत आहे.

पर्याय बदलल्यावर केवळ रीमाउंट करून, म्हणजे जोडणी न तोडता नवे पर्याय लावून, थांबू नये. त्याने आरओ-आरडब्ल्यू (फक्त वाचणे की लिहिणेही) बदलते, पण आवृत्तीसारखे एनएफएसचे बहुतेक खास पर्याय जुनेच राहतात. त्यासाठी पूर्ण अनमाउंट करूनच पुन्हा जोडावे. एकच एक्स्पोर्ट (सर्व्हरने खुला केलेला फोल्डर) दोन ठिकाणी जोडले असेल, तर तेही ध्यानात घ्यावे, कारण दोन्ही जोडण्या एकच कॅशे वापरत असतील, तर दुसरीला दिलेले वेगळे पर्याय लागू होत नाहीत.

शेवटी एफस्टॅबमधल्या ओळीत '_नेटडेव्ह' (नेटवर्क सुरू झाल्यावरच जोड, असे सांगणारा पर्याय) असल्याची खात्री करावी, 'माउंट -ए' चालवावे आणि 'एनएफएसस्टॅट -एम'मध्ये नवे पर्याय दिसल्यानंतरच यंत्र रीबूट करावे.