शोसाठी कुत्रा उभा करताय? आरोग्य तपासणीतल्या या चुका टाळा

ट्रॉफी मिळाली म्हणजे कुत्रा ठणठणीत आहे, हा समज आधी डोक्यातून काढा. 2012 साली क्रफ्ट्स या ब्रिटनमधल्या मोठ्या डॉग शोमध्ये तिथल्या केनेल क्लबने 15 जातींसाठी नवा नियम लावला. ‘बेस्ट ऑफ ब्रीड’ ठरलेल्या कुत्र्याला पशुवैद्याने तपासून पास केलं, तरच पुढची फेरी. त्या वर्षी पेकिनीज, बुलडॉग, बॅसेट हाउंड, मॅस्टिफ, निओपॉलिटन मॅस्टिफ आणि क्लंबर स्पॅनियल या जातींचे विजेते तिथेच अडले. परीक्षकाने जातीचा उत्तम नमुना म्हणून निवडलेला कुत्रा पशुवैद्याला पास करता येऊ नये, हे आपल्या सगळ्यांनाच विचार करायला लावणारं आहे.

पण त्या तपासणीत पास होण्यालाही भलता अर्थ चिकटवू नका. तिथे डोळे, कातडी, श्वास आणि चाल पाहतात, तीही वरवर दिसेल तेवढीच. एक्स-रे नाही, रक्ततपासणी नाही. डोबरमनमधला हृदयाच्या स्नायूंचा आजार कित्येकदा बाहेर काहीच दिसत नसताना आत वाढत असतो. तो पकडायला हृदयाची सोनोग्राफी आणि 24 तासांचं होल्टर (अंगावर यंत्र बांधून हृदयाच्या ठोक्यांची सलग नोंद) लागतं, आणि तेही एकदाच करून भागत नाही.

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक म्हणजे ‘या जातीचे घोरतातच’ असं म्हणून सोडून देणं. पग, फ्रेंच बुलडॉग, बुलडॉग यांचं तोंड पिढ्यान्‌पिढ्या आखूड करत नेलं, पण आतला मऊ टाळू त्या प्रमाणात कमी झाला नाही. तो श्वासाच्या वाटेत येतो. कुत्रा श्वास आत घेताना नाकपुड्यांकडे नीट बघा. कडा आत ओढल्या जाऊन फट मिटत असेल, तर त्याला हवा ओढायला झगडावं लागतंय. निवांत पडलेल्या कुत्र्यावरून अंदाज बांधू नका. केंब्रिजमध्ये तयार झालेल्या श्वसन चाचणीत आधी स्टेथोस्कोपने घशाजवळचा आवाज ऐकतात, मग कुत्र्याला 3 मिनिटं दुडक्या चालीने पळवतात आणि पुन्हा ऐकतात. बसल्या जागी न ऐकू येणारी घरघर तेव्हा उघडी पडते. ग्रेड 0 ते 3 अशी असते आणि 3 आलेल्या कुत्र्यापासून पिल्लं घेऊ नयेत. तो कितीही देखणा असो, माझ्या मते इथे तडजोडीला जागाच नाही.

हिप स्कोअर, म्हणजे एक्स-रेवरून खुब्याच्या सांध्यांना दिलेले गुण, वाचतानाही गफलत होते. ब्रिटिश पद्धतीत प्रत्येक बाजूला 0 ते 53, म्हणजे एकूण 106. आकडा जितका कमी तितका सांधा चांगला. नुसती बेरीज पाहू नका. 12 म्हणजे 6 आणि 6 असेल, किंवा 2 आणि 10. दुसऱ्या कुत्र्याची एक बाजू स्पष्टच कमजोर आहे. ‘पळतो छान, मग एक्स-रे कशाला?’ हेही चालणार नाही. तरुण कुत्रा सांध्याचं दुखणं बरंच लपवतो.

डीएनए रिपोर्टवर ‘कॅरियर’, म्हणजे सदोष जनुकाची एकच प्रत असलेला, असं दिसलं की कुत्रा लगेच बाद करणारे ब्रीडर आहेत. दोष रिसेसिव्ह असेल, म्हणजे आई आणि बाप दोघांकडूनही आला तरच आजार होत असेल, तर कॅरियर आणि क्लियर (दोष नसलेला) अशा जोडीतून त्या आजाराचं पिल्लू होत नाही, फक्त पिल्लांची तपासणी करायची. मोजकेच कुत्रे उरलेल्या जातीत सगळे कॅरियर काढून टाकलेत, तर उरलेल्यांची नाती आणखी जवळची होतात. सगळ्यांनी एकाच चॅम्पियन नराकडे धाव घेतली की तेच होतं. सावत्र भावंडांच्या जोडीतून झालेल्या पिल्लांचा इनब्रीडिंग गुणांक (आईबापाचं नातं किती जवळचं, त्याचं माप) 12.5 टक्के असतो. रिपोर्ट कितीही स्वच्छ असले तरी तो कमी होत नाही.

शोच्या आदल्या दिवशी लंगडणं दिसलं तर वेदनाशामक देऊन रिंगमध्ये नेऊ नका, नाव मागे घ्या. आत वळलेली पापणी ऑपरेशनने सरळ झाली तर कुत्र्याचा त्रास संपतो आणि ते करायलाच हवं, पण पिल्लांत तो दोष जायचा तो जातोच. अशा कुत्र्याला ब्रीडिंगपासून दूर ठेवा.

पिल्लू घेणाऱ्यांनी ट्रॉफीचे फोटो बाजूला ठेवून आई आणि बाप दोघांचेही रिपोर्ट मागावेत. रिपोर्टवरचा मायक्रोचिप नंबर समोरच्या कुत्रीच्या चिपशी स्कॅनरने जुळवून घ्या, आणि ब्रीडर टाळाटाळ करत असेल तर पिल्लू घेऊ नका.