ऑस्ट्रेलियन वीरांच्या स्वाक्षऱ्या: पारख कशी करावी, जपणूक कशी करावी

शौर्यपदक मिळवलेल्या ऑस्ट्रेलियन सैनिकाची स्वाक्षरी असलेले छायाचित्र, पत्र किंवा मुद्रित चित्र विकत घेताना बहुतेक संग्राहक आधी स्वाक्षरी न्याहाळतात आणि तिचे वळण एखाद्या नमुन्याशी जुळले की निश्चिंत होतात. माझ्या मते हा क्रम उलटा असावा. आधी त्या सैनिकाची कारकीर्द वाचावी, महत्त्वाच्या तारखा एका कागदावर मांडाव्यात आणि मगच भिंग हाती घ्यावे. सराईत हाताला वळण गिरवता येते. मात्र हुद्दा, पदक, तारीख आणि कागद या चारही गोष्टींचा मेळ घालणे त्यालाही सहसा साधत नाही.

दुसऱ्या महायुद्धातील सैनिक टॉम डेरिक यांचे उदाहरण घ्या. जुलै 1942 मध्ये इजिप्तमधील तेल एल ईसा येथील कामगिरीबद्दल त्यांना डिस्टिंग्विश्ड कंडक्ट मेडल मिळाले. न्यू गिनीतील सॅटेलबर्गच्या चढाईत 24 नोव्हेंबर 1943 रोजी त्यांनी जे शौर्य गाजवले, त्याबद्दलचा व्हिक्टोरिया क्रॉस हा सर्वोच्च शौर्यसन्मान मार्च 1944 मध्ये जाहीर झाला आणि मे 1945 मध्ये ताराकान बेटावर झालेल्या जखमांनी त्यांचा मृत्यू झाला. म्हणजे नावापुढे व्हिक्टोरिया क्रॉसची ‘व्हीसी’ ही अक्षरे लिहिण्यासाठी या माणसाला जेमतेम चौदा महिने मिळाले. त्यांच्या नावाची अशी स्वाक्षरी 1943 ची तारीख घालून किंवा युद्धानंतर छापलेल्या चित्रावर समोर आली, तर वळण कितीही हुबेहूब असले तरी ती बाजूला ठेवावी. पहिल्या महायुद्धातील ॲल्बर्ट जॅका यांच्याबाबतही हेच. मे 1915 मध्ये गॅलिपोलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे जॅका तेव्हा लान्स कॉर्पोरल होते आणि कॅप्टन झाले ते 1917 मध्ये; त्यामुळे 1915 च्या पोस्टकार्डावर ‘कॅप्टन जॅका’ अशी सही आढळली, तर तेवढ्यावरच शंका घ्यावी.

या तारखा मिळवणे अवघड नाही. कॅनबेरातील ऑस्ट्रेलियन वॉर मेमोरियलच्या संकेतस्थळावर सन्मान आणि पुरस्कारांच्या नोंदी शोधता येतात. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात पहिल्या महायुद्धातील सैनिकांच्या सेवानोंदी बी 2455 या मालिकेत आहेत आणि त्या घरबसल्या विनामूल्य पाहता येतात. त्यांतील भरतीच्या अर्जावर सैनिकाने स्वतः केलेली सही असते, आणि तुलनेसाठी याहून भरवशाचा नमुना मिळणे कठीण. मात्र एक भान ठेवावे: भरतीच्या वेळी विशीतल्या तरुणाने केलेली सही आणि त्याच माणसाने साठीत केलेली सही यांत फरक पडणारच, म्हणून शक्यतो एकाच काळातील नमुने शेजारी ठेवावेत. दुसऱ्या महायुद्धातील सेवाक्रमांकही उपयोगी पडतो, कारण त्याच्या आरंभीच्या अक्षरांवरून भरतीचे राज्य कळते. डेरिक यांच्या एसएक्स 7964 मधील ‘एस’ साउथ ऑस्ट्रेलियाचा, तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे आणखी एक सैनिक रोडेन कटलर यांच्या एनएक्स 12378 मधील ‘एन’ न्यू साउथ वेल्सचा.

आता भिंग घ्यावे. दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग पुरते. स्वाक्षरीची रेघ जर बारीक ठिपक्यांची बनलेली दिसली, तर ती छापील आहे. शाईच्या खऱ्या रेघेत कुठे दाब वाढलेला, कुठे शाई विरळ झालेली, कुठे ती कागदाच्या तंतूंत किंचित उतरलेली दिसते. गिरवलेली रेघ बहुधा एकसारख्या जाडीची, थबकत पुढे गेलेली असते. बॉलपेन सर्वसामान्यांच्या हाती आले ते दुसरे महायुद्ध संपल्यानंतर, त्यामुळे खंदकातून पाठवलेल्या पत्रावर त्याची सही असूच शकत नाही. तिथे जांभळट छटेची कॉपिंग पेन्सिल मात्र दिसू शकते. ओल लागली की तिची रेघ गडद होऊन पसरते. अंधारात अतिनील दिवा धरल्यावर कागद निळसर पांढरा झळकला, तर तो विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील नसण्याचीच शक्यता जास्त.

विक्रेत्याने दिलेले प्रमाणपत्र वाचावे, पण त्यावर विसंबू नये. वस्तू कोणाकडून कोणाकडे आली याची जुनी पत्रे, पावत्या आणि कुटुंबीयांचे लेखी निवेदन यांना मी अधिक मोल देतो. स्वाक्षरीसोबत पदकही विकले जात असेल, तर कायदा माहीत असावा: ऑस्ट्रेलियन सैनिकांना मिळालेले व्हिक्टोरिया क्रॉस 1986 च्या जंगम सांस्कृतिक वारसा कायद्याने संरक्षित आहेत आणि ते कायमचे देशाबाहेर नेता येत नाहीत.

खरेदीनंतर खरी जबाबदारी सुरू होते. लॅमिनेशन कधीही करू नये. ते केले की कागद पुन्हा मोकळा होत नाही. आम्लमुक्त पुठ्ठा वापरावा, काच स्वाक्षरीला टेकू देऊ नये आणि चौकट थेट उन्हाच्या भिंतीवर लावू नये, कारण फेल्टपेनाची शाई तर काही वर्षांतच फिकी पडते. पदकांना पॉलिश लावू नये. पहिल्या महायुद्धाच्या पदकांवर सैनिकाचा क्रमांक आणि नाव कडेवर ठसवलेले असते, आणि प्रत्येक घासणीबरोबर ती अक्षरे थोडी थोडी झिजतात. पावत्या, पत्रे आणि तुम्ही मांडलेला तारखांचा कागद चौकटीच्या मागे न चिकटवता वेगळ्या आम्लमुक्त पाकिटात ठेवावा आणि पाकिटावर सैनिकाचे नाव व सेवाक्रमांक पेन्सिलीने लिहावा.