मानसिक आरोग्याचा सरकारी पैसा आपल्या जिल्ह्यात किती आला, किती खर्च झाला, हे कसं शोधायचं

सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मानसिक आजारावरच्या लिथियमच्या गोळ्या नाहीत, मानसोपचारतज्ज्ञाची खुर्ची रिकामी आहे. अशा वेळी 'निधीच नाही' हे उत्तर मिळालं तर तिथे थांबू नका. बऱ्याचदा निधी मंजूर असतो, पण खर्चच होत नाही. हे दाखवायला कागद लागतात आणि ते मिळवता येतात.

आधी पैसा कुठून येतो ते पाहा. महाराष्ट्रात याचे दोन मुख्य प्रवाह आहेत. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथली चार प्रादेशिक मनोरुग्णालयं राज्याच्या अर्थसंकल्पावर चालतात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा पैसा मात्र राष्ट्रीय आरोग्य अभियानातून येतो. त्यात केंद्राचा वाटा 60 टक्के आणि राज्याचा 40 टक्के असतो. मनोरुग्णालयाचा आकडा जिल्हा कार्यक्रमाच्या कागदांत शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही.

मनोरुग्णालयांसाठी सार्वजनिक आरोग्य विभागाचं अर्थसंकल्पीय प्रकाशन उघडा आणि मुख्य लेखाशीर्ष (खर्चाचं खातं) 2210 बघा. इमारतींचा भांडवली खर्च 4210 खाली असतो. प्रत्येक योजनेखाली 'उद्दिष्टं', म्हणजे खर्चाचे प्रकार, दिसतील: 01 वेतन, 13 कार्यालयीन खर्च, 21 सामग्री व पुरवठा. यातलं 21 नीट वाचा. एकूण तरतूद वाढलेली दिसते, पण बहुतेक वाढ वेतनात गेलेली असू शकते. रकमा हजारांत आहेत की लाखांत हे पानाच्या माथ्यावर तपासा, आकडे इथेच सर्वांत जास्त चुकतात. आणि यंदाच्या अर्थसंकल्पीय अंदाजावर विसंबू नका. दोन वर्षांपूर्वीचा अंदाज आणि त्याच वर्षाची 'प्रत्यक्ष रक्कम' शेजारी मांडा. वर्षाच्या मध्यात किती निधी वितरित झाला ते राज्याच्या 'बीम्स' या ऑनलाइन निधी वितरण प्रणालीवर दिसतं.

जिल्हा कार्यक्रमासाठी राज्याचा पीआयपी, म्हणजे अंमलबजावणी आराखडा, आणि त्यावर केंद्राने दिलेली मंजुरी, म्हणजे आरओपी, हे दोन कागद जोडीने बघा. राज्याने किती मागितलं आणि किती मिळालं, यातला फरक तिथेच कळतो. 2022-24 पासून हा आराखडा दोन वर्षांचा असतो.

राज्याचा आकडा कळला तरी जिल्ह्याचा कळत नाही. त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करा. तो जिल्हा शल्यचिकित्सक कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे द्या. जिल्हा परिषदेच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे दिलात तर हस्तांतरणात दिवस जातात. जोडपत्र 'अ' (अर्जाचा ठरलेला नमुना), 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा, एवढं पाळा. मजकूर असा ठेवा:

'विषय: जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम. कालावधी: 1 एप्रिल 2023 ते 31 मार्च 2025. (1) मंजूर, प्राप्त व खर्च रकमेचे बाबनिहाय विवरण. (2) मंजूर, भरलेली व रिक्त पदे, रिक्त झाल्याच्या दिनांकासह. (3) उपयोगिता प्रमाणपत्रांच्या छायाप्रती. (4) रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, लिथियम व सोडियम व्हॅल्प्रोएट यांच्या साठा नोंदवहीच्या छायाप्रती.'

'औषधं का नाहीत?' असं विचारू नका. या कायद्याखाली दप्तरी असलेली माहिती मिळते, खुलासा मिळत नाही. रुग्णांची नावं तर मुळीच मागू नका. ती गोपनीय असतात आणि तशीच राहिली पाहिजेत. 30 दिवसांत उत्तर आलं नाही, तर पुढच्या 30 दिवसांत 20 रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील करा.

साठा नोंदवही हा यातला सर्वांत बोलका कागद. 'शिल्लक' रकाना महिन्यांनुसार खाली वाचत जा. तिथे सलग शून्य दिसलं आणि त्याच काळात औषधांच्या बाबीवर रक्कम अखर्चित असेल, तर अडचण निधीची नाही, खरेदीची आहे. वेतनाची रक्कम उरली असेल तर पद भरलेलं नाही, हे रिक्त पदांच्या यादीशी ताडून बघा. पैसा पडून राहणं धोक्याचं असतं, कारण पुढची मंजुरी देताना मागचा खर्च पाहिला जातो.

हे कागद जोडून जिल्हा शल्यचिकित्सकांना लेखी निवेदन द्या. त्यात मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या कलम 18 चा उल्लेख हवाच. आवश्यक औषधांच्या यादीतली मानसिक आजारांवरची औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सर्व सरकारी रुग्णालयांत कायम आणि मोफत मिळाली पाहिजेत, असं ते कलम सांगतं. म्हणजे लिथियमसाठी रुग्णाला बाहेरच्या मेडिकलची चिठ्ठी देणं कायद्यात बसत नाही.

तातडीच्या छोट्या खरेदीसाठी रुग्ण कल्याण समितीच्या निधीची मागणी करा. मोठ्या कामांसाठी, समजा ग्रामीण रुग्णालयात समुपदेशनाची खोली हवी असेल तर, जिल्हा नियोजन समितीकडे प्रस्ताव जावा लागतो. तो रुग्णालयानेच अंदाजपत्रकासह पाठवायचा असतो. पालकमंत्र्यांना नुसतं निवेदन दिलं तर ते खाली परत येतं आणि फिरत राहतं. म्हणून प्रस्ताव जिल्हा नियोजन कार्यालयात पोचला का, त्याचा आवक क्रमांक काय, हे विचारून लिहून घ्या.