नाटकधंद्यात व्यवस्थापक व्हायचंय? या चुका टाळा

“नाटकाची आवड आहे, काहीही काम करीन,” असं म्हणणारी मुलं दर वर्षी भेटतात. चूक त्या ‘काहीही’पासूनच सुरू होते. निर्मात्याकडे तारखा, दौरे आणि हिशेब सांभाळणं वेगळं, नाट्यगृह किंवा कलाकेंद्र चालवणं वेगळं. एकीकडे तारीख मागायची असते, दुसरीकडे द्यायची असते. जमलं तर दोन्हीकडे थोडे थोडे महिने बसा, मग ठरवा.

सगळ्यात महागात पडते ती वेळेची चूक. मुंबईत रविवारी एकाच नाट्यगृहात सकाळ, दुपार, रात्र असे तीन प्रयोग लागू शकतात. नवखा माणूस तिसऱ्या घंटेपासून पडद्यापर्यंतचाच वेळ मोजतो. मीही तेच केलं होतं. दुपारच्या नाटकाला तारीख देताना सेटमध्ये जिना आहे का, हे विचारलंच नाही. जिना होता, आणि बोल्ट खोलता खोलता मंडळी घामाघूम. रात्रीच्या नाटकाचा टेम्पो मागच्या दाराशी उभा, बाहेर प्रेक्षक घड्याळ बघतायत. प्रयोग चाळीस मिनिटं उशिरा सुरू झाला आणि शेवटच्या अंकात कल्याण-बदलापूरचे लोक लोकलसाठी एकेक करून उठू लागले. नटांना वाटलं नाटक पडलं! तेव्हापासून तारीख लिहून घेताना तीन आकडे विचारतो: मध्यंतरासह लांबी, सेट लावायला किती वेळ, उतरवायला किती वेळ. तिसरा आकडा सगळे कमीच सांगतात, त्यात अर्धा तास आपणच मिळवायचा. आणि रविवारचा मेगाब्लॉक कुठल्या मार्गावर आहे तेही बघा. प्रेक्षकांइतकाच बॅकस्टेजचा मुलगाही त्यात अडकतो.

कागदपत्रांचा कंटाळा करू नका. नाटकाची संहिता तपासून प्रयोगाला परवानगी देणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र हातात नसताना जाहिरात सोडणं म्हणजे बाजारात तुरी. पार्श्वसंगीतात सिनेमाचं गाणं असेल तर त्याच्या परवान्याचा खर्च आधीच धरा. नाटकाच्या 500 रुपयांपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी माफ आहे, पुढे लागतो. दर ठरवताना हे माहीत नसेल तर हिशेब पहिल्याच आठवड्यात गडबडतो.

स्पीकरमधून घूं घूं आवाज येतोय? माइक बदलत बसण्याआधी ध्वनीची लाइन कुठून घेतलीय ते बघा. दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणाऱ्या डिमरच्याच विजेच्या फेजवर असेल तर बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो. वेगळी लाइन मागा.

कलाकेंद्रात खुला रंगमंच असेल तर रात्री दहाचा नियम विसरू नका. बंद सभागृहाला सूट असते, अंगणातल्या स्पीकरला नसते. त्यामुळे ‘साडेसात म्हणजे आठ’ ही आपली सवय तिथे परवडत नाही. गायकाला शेवटची बंदिश अर्ध्यावर थांबवायला सांगणं, यासारखी लाजिरवाणी वेळ नाही.

आणि पैसे. नटांची नाइट, म्हणजे प्रयोगाचं मानधन, लक्षात राहते, कारण ते मागतात. सेट लावणारे, कपडेपटवाले, इस्त्रीवाले मागत नाहीत, पण पुढच्या रविवारी दुसऱ्या नाटकाच्या बसमध्ये दिसतात. त्यांची पाकिटं मध्यंतरातच भरून ठेवा, टेम्पो सुटायच्या आत हातात पडली पाहिजेत.