‘फुली प्रिपेअर्ड’ म्हणताना

कोल्हापुरातल्या डिप्लोमाच्या मुलांच्या तोंडी मुलाखतीत एक वाक्य हमखास येतं, ‘सर, आय ॲम फुली प्रिपेअर्ड.’ वाक्यात चूक काही नाही. पण ते कधी म्हणायचं, हे कुणी सांगत नाही. शिरोलीच्या फौंड्रीत आता मलाही नव्या भरतीच्या मुलाखतींना बसवतात. मी गारगोटीकडचा, मराठी माध्यमातला. इंग्रजीत प्रश्न आला की घसा कसा कोरडा पडतो, ते अजून विसरलेलो नाही.

‘प्रिपेअर्ड’च्या पुढं ‘फॉर’ आला तर विषय तयारीचा. ‘टू’ आला तर मुलाखतीत बहुतेक वेळा तुमची राजीखुशी विचारलेली असते. ‘आर यू प्रिपेअर्ड टू वर्क इन नाइट शिफ्ट?’ असं एका मुलाला विचारलं, तर तो म्हणाला, ‘येस सर, आय हॅव प्रिपेअर्ड ऑल सब्जेक्ट्स.’ पोरगा हुशार होता. वाळूत ओल जास्त झाली की कास्टिंगमध्ये ब्लोहोल, म्हणजे वायूच्या पोकळ्या, का पडतात, हे त्यानं मराठीत झकास सांगितलं होतं. पण शाळेपासून हा शब्द परीक्षेसोबतच ऐकलेला, त्यामुळं तो कानावर पडला की डोक्यात अभ्यासच येतो. म्हणून प्रश्न शेवटपर्यंत ऐका. ‘टू वर्क’, ‘टू रिलोकेट’, ‘टू साइन अ बॉण्ड’ यांत ‘चालेल का?’ एवढंच विचारलंय. चालणार असेल तर ‘येस, आय ॲम’ पुरे. चालणार नसेल तर तसं स्पष्ट सांगा.

बॉण्डच्या प्रश्नाला तर घाईनं ‘फुली प्रिपेअर्ड’ म्हणूच नका. ऐकणारा त्याला होकार समजतो. किती वर्षांचा, मधेच सोडला तर किती पैसे भरायचे, हे आधी विचारा. असं विचारणारा मुलगा मला तरी जास्त भरवशाचा वाटतो.

‘फॉर’ गाळला तरी घोटाळा होतो. ‘आय ॲम प्रिपेअरिंग द एक्झाम’ म्हणजे पेपर काढणारे तुम्हीच! परीक्षेला बसणाऱ्यानं ‘प्रिपेअरिंग फॉर द एक्झाम’ म्हणायचं.

आणि ‘फुली’ जरा जपून. तो ऐकला की समोरचा खोलात शिरतो. ‘वेल प्रिपेअर्ड’ म्हणा आणि लगेच काय केलंय ते सांगा, म्हणजे पुढचा प्रश्न तुमच्या हातातल्या विषयावर येईल. ‘ऑल सेट’ म्हणजेही ‘तयार आहे’च, पण ते मित्रांत, टीममध्ये चालतं, अर्जात नको.

राजारामपुरीत काही क्लासवाले ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’चं उत्तर पाठ करून घेतात. माझं मत ठाम आहे, त्यावर पैसे घालवू नका. एकाच साच्यातली पाच उत्तरं ऐकली की सहाव्याकडं आमचं लक्षच राहत नाही. त्यापेक्षा करवीर नगर वाचन मंदिरात बसा. 1850 पासूनचं वाचनालय आहे. इंग्रजी पेपरात ‘प्रिपेअर्ड’ कुठं दिसला की ते अख्खं वाक्य वहीत उतरवा.

उच्चार गावाकडचा आहे म्हणून लाजू नका, आम्ही त्याचे मार्क कापत नाही. प्रश्न कळला नाही तर ‘कुड यू प्लीज रिपीट द क्वेश्चन?’ म्हणा. दुसऱ्यांदा सांगताना विचारणारा बहुधा सावकाश आणि सोप्या शब्दांत सांगतो. तेवढ्यात ‘फॉर’ होता की ‘टू’, हे नीट ऐकून घ्या.