पंचिंगला देण्याआधी चित्र तपासा: कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीत हमखास होणाऱ्या चुका

गणपती जवळ आले की पुण्यातल्या कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीवाल्यांकडे मंडळांचे टी-शर्ट, ढोल-ताशा पथकांचे कुर्ते आणि सोसायट्यांच्या कॅप यांची रांग लागते. सॅम्पल बिघडलं की आधी मशीनला दोष दिला जातो, मग पंचिंग करणाऱ्याला, म्हणजे चित्रावरून मशीनसाठी टाक्यांची फाईल बनवणाऱ्याला. पण बऱ्याच वेळा खोट मुळातल्या चित्रातच असते. कागदावर देखणं दिसलं म्हणून ते सुईलाही झेपेल असं धरून चालणं, ही सगळ्यात मोठी चूक.

नेहमीचा ४० नंबरचा दोरा कापडावर साधारण ०.४ मि.मी. रुंदी व्यापतो. छपाईत केसासारखी रेघही स्वच्छ उमटते, भरतकामात मात्र रेघ दोऱ्याहून बारीक होऊच शकत नाही. सॅटिन टाक्याची (एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत शेजारी-शेजारी जाणाऱ्या टाक्यांची) पट्टी किमान १ मि.मी. रुंद हवी, दोन आकारांमधली फट जवळजवळ तेवढीच हवी आणि सुटा ठिपका सव्वा ते दीड मि.मी.चा हवा. यापेक्षा लहान काही असेल तर सुई त्याच त्याच जागी टोचत राहते. मग दोरा तुटतो, खाली गुंता होतो आणि पातळ कापडाला भोकही पडतं.

तपासायची पद्धत अगदी साधी आहे. चित्र ज्या मापात भरायचं त्याच मापात कागदावर छापा. छातीवरचा लोगो साधारण ९० मि.मी. रुंद असतो, तर ९० मि.मी.चीच प्रिंट काढा. त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवा आणि १ मि.मी. टोकाच्या पेनाने सगळ्या रेघा गिरवा. जिथे दोन रेघा एकमेकींत मिसळल्या किंवा अक्षराचं पोट बुजलं, तिथे मशीनवरही तेच होणार. मोबाईलवर बोटांनी मोठं करून पाहिलेलं चित्र या कामाला उपयोगाचं नाही.

मराठी अक्षरं लहान करणं

लहान अक्षरांचे जे आकडे इंटरनेटवर सापडतात ते बहुतेक इंग्रजी अक्षरांचे असतात. ४० नंबरचा दोरा आणि ७५/११ सुई असेल तर इंग्रजी मोठं अक्षर ५ मि.मी. उंचीपर्यंत वाचता येतं. हाच आकडा देवनागरीला लावला की फसगत होते, कारण आपल्या ओळीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार असतात. शिरोरेषेपासून तळापर्यंतचं नुसतं अक्षर ६ मि.मी. धरलं, तर पूर्ण ओळीला १० ते ११ मि.मी. जागा लागते.

‘प्रतिष्ठान’ हा शब्द पुण्यातल्या निम्म्या टी-शर्टांवर असतो. त्यातल्या ‘ष्ठा’कडे नीट बघा. ‘ष’चं अर्धं रूप, त्यातली तिरकी रेघ, शेजारी ‘ठ’चं गोल पोट आणि मग काना, एवढं सगळं एका अक्षराच्या जागेत. लहान मापात याचा एक गोळा होतो. ‘मंडळ’मधला अनुस्वार बारीक राहिला तर कापडावर ‘मडळ’ उमटतं आणि पन्नास टी-शर्ट वाया जातात. शिरोरेषा आणि काना जिथे भेटतात तिथे टाक्यांचे दोन थर पडतात, त्यामुळे फॉन्ट फार जाड घेतला तरी ती जागा दगडासारखी कडक होते.

म्हणून सगळीकडे सारख्या जाडीचा, पोटं मोकळी असलेला फॉन्ट निवडा. ‘मुक्ता’चं मध्यम ठळक वजन लहान ओळींना चांगलं चालतं. ‘बलू’ मोठ्या नावाला छान दिसतो, पण लहान मापात त्याची पोटं बुजतात. बोरूने लिहिल्यासारखे जाड-बारीक सुलेखनाचे फॉन्ट पाठीवरच्या मोठ्या नावासाठी ठेवा, कारण छातीवरच्या मापात त्यांची निमुळती टोकं उरतच नाहीत. अगदीच लहान अक्षर घ्यावं लागलं तर ६० नंबरचा बारीक दोरा आणि ६५/९ सुई हा मार्ग आहे. पण त्यासाठी दोरा-सुई बदलावी लागते, तेव्हा तसं आधी सांगा. पत्ता, स्थापना वर्ष, नोंदणी क्रमांक हे छातीवरच्या लोगोतून सरळ काढून टाका.

राजमुद्रेची मागणी सतत असते, म्हणून तिचा हिशेब इथे मांडतो. छातीवर ७० मि.मी.चा अष्टकोन घेतला आणि कडा सोडल्या, तर मजकुराला सुमारे ५५ मि.मी. उंची मिळते. ‘प्रतिपच्चंद्रलेखेव’पासून ‘राजते’पर्यंत ३२ अक्षरं आहेत, त्यात ‘च्चं’, ‘ष्णु’, ‘र्वि’, ‘श्व’ अशी जोडाक्षरं. सहा ओळी केल्या तर ओळीला जेमतेम ९ मि.मी. येतात, म्हणजे मात्रा-उकार वगळून अक्षराला पाचच्या आसपास. जोडाक्षरांतल्या रेघा १ मि.मी.च्या खूप खाली जातात. महाराजांची मुद्रा वाचता न येणाऱ्या अवस्थेत अंगावर घालण्यापेक्षा ती पाठीवर १५० मि.मी. किंवा त्याहून मोठी घ्या, नाहीतर मजकूर छापलेला पॅच बनवून फक्त त्याची अष्टकोनी कड भरून घ्या.

फोटो आणि छटा असलेलं चित्र देणं

छापील चित्रात निळ्यातून जांभळा हळूहळू उतरतो. दोऱ्यात तो उतार मिळवायला टाके विरळ करत एक रंग दुसऱ्यावर चढवावा लागतो, आणि त्याला मोठं माप लागतं. ९० मि.मी.त तिथे डाग दिसतात. माणसाच्या चेहऱ्याचं तर विचारूच नका. छातीवरच्या पूर्णाकृती चित्रात डोळा १ मि.मी.चाही राहत नाही. अश्वारूढ महाराज लहान मापात हवे असतील तर एकरंगी छायाकृती घ्या. जिरेटोप, दाढी, घोड्याची मान एवढ्यावर ओळख पटते.

पैठणीच्या पदरावरचा मोर ब्लाउजवर हवा असेल तेव्हा पदराचा फोटो तसाच पंचिंगला देऊ नका. विणलेल्या मोराच्या कडा पायऱ्या-पायऱ्यांच्या असतात आणि भरतकामात त्या दातेरी दिसतात. आधी हाताने सलग रेघेत तो काढून घ्या. जरीचा दोरा वापरायचा तर पिसांतल्या बारीक रेघा कमी करा, कारण तो दोरा आखूड टाक्यांत लगेच तुटतो.

फाईल चुकीची पाठवणं

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेला लोगो दाबला जातो आणि कडा धुरकट होतात. मूळ फाईल डॉक्युमेंट म्हणून पाठवा. कोरलड्रॉची किंवा पीडीएफ व्हेक्टर फाईल (मोठी केली तरी कडा स्वच्छ राहतात ती) सर्वात चांगली. ती नसेल तर ९० मि.मी.च्या लोगोसाठी किमान १,०५० पिक्सेल रुंदीचं चित्र द्या. छापखान्यातून फाईल आणताना मजकूर कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून मागा. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर फॉन्ट नसेल तर भलत्याच चिन्हांत उघडतो.

धुरकट चित्र ऑटो-पंचिंगला घातलं की सॉफ्टवेअर प्रत्येक डागाला वेगळा तुकडा समजतं. शेकडो सुटे तुकडे, प्रत्येकाला दोरा कापणं, आणि मागच्या बाजूला शेपट्यांचं रान.

भरीव पार्श्वभूमी आणि बारीक किनार

१० सें.मी. चौकोन पूर्ण भरायचा तर ०.४ मि.मी. अंतराने २५० ओळी होतात, आणि ४ मि.मी.चा टाका धरला तर ओळीला २५ टाके. म्हणजे सव्वासहा हजार टाके नुसत्या पार्श्वभूमीला, अस्तराचे टाके वेगळे. टी-शर्टवर तो भाग पुठ्ठ्यासारखा होतो आणि कडेने चुण्या पडतात. पिवळ्या टी-शर्टवर पिवळी पार्श्वभूमी कशाला भरायची? कापडच रंग म्हणून वापरा.

प्रत्येक टाका कापडाला आपल्या दिशेने आत ओढतो. गोल भरला की तो किंचित लंबगोल होतो, आणि भोवतीची बारीक काळी किनार एका बाजूला सुटून मध्ये कापड दिसतं. पंचिंग करणारा आकाराला ०.२ ते ०.४ मि.मी. वाढ देऊन हे सावरतो, पण केसाएवढ्या किनारीला सावरायला जागाच नसते. किनार दीड मि.मी.ची करा किंवा काढून टाका. उलट टोकाला, ७ मि.मी.पेक्षा रुंद सॅटिन पट्टीही नको. लांब सुटे दोरे बांगडीत, बॅगेच्या चेनमध्ये अडकून निघतात.

एकच डिझाईन सगळीकडे वापरणं

कॅपवर साधारण ५५ मि.मी. उंचीच मिळते आणि मधोमध शिवण असते, तेव्हा उभा लोगो तिथे बसत नाही आणि बारीक अक्षर शिवणीवर आलं की वाकडं होतं. टॉवेलवर बारीक रेघा त्याच्या उभ्या फासांत बुडतात. वर विरघळणारी फिल्म लावली तरी जाड आकारच निवडा. मॅटी (जाळीदार विणीच्या कापडाचा) टी-शर्ट ताणतो, म्हणून मागे आधाराला मजबूत पेपर हवा, ज्याचा उरलेला भाग नंतर कापून काढतात, आणि चित्रातही मोकळी जागा हवी. तयार डीएसटी फाईल (पंचिंगनंतर मशीनला देतात ती) १० टक्क्यांपेक्षा जास्त लहान-मोठी करू नका, नव्या मापाला नवं पंचिंग लागतं. डीएसटीमध्ये रंगही साठवलेले नसतात, म्हणून दोऱ्याचे शेड नंबर वेगळे लिहून द्या.

सॅम्पल हातात आलं की आधी अक्षरांची पोटं बघा. ती बुजली असतील तर अक्षर मोठं करा, टेन्शन (मशीनवरचा दोऱ्याचा ताण) फिरवून काही होणार नाही. किनार सुटली असेल तर कापड फ्रेममध्ये घट्ट होतं का ते विचारा आणि मग किनार जाड करा. एकाच जागी दोरा वारंवार तुटत असेल तर तिथे थरावर थर आलेत का, किंवा १ मि.मी.पेक्षा लहान काही आहे का ते चित्रात शोधा. दोरा कुठेही तुटत असेल, तर मात्र सुई आणि टेन्शन तपासायला मशीनवाल्याला सांगा. आणि सॅम्पल त्याच कापडावर मागा ज्यावर ऑर्डर निघणार आहे. जाड कॉटनच्या तुकड्यावर सरळ दिसणारा लोगो मॅटीवर गोळा होऊ शकतो.